नाग्याचं नाव दगडावर हाय, आपलं कागदावर कधी?



25 सप्टेंबर जवळ आला की चिरनेरची आठवण निघते. उरण तालुक्यातल्या या गावात 1930 साली त्या दिवशी जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलात तोड करून इंग्रजाचा कायदा मोडायचा, म्हणून लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. आठ जण गेले. कोण मोठ्या जुईचा, कोण खोपट्याचा, कोण दिघोड्याचा. आणि एक आपला, नाग्या महादू कातकरी.

तिथलं स्मारक नीट करावं, वाढवावं, शेजारी संग्रहालय बांधावं, असं बोललं जातं. आमच्या वाडीच्या बैठकीत यावर चर्चा झाली. काही गडी म्हणाले, "दगडाला रंग देऊन पोट भरनार हाय का? ते पैसे वाडीच्या विहिरीला द्या." हे बोलणं खोटं नाय. तरी आम्हाला वाटतं, स्मारक आपल्याला पाहिजे.

का, ते सांगतो. आपण मोळी आणली तर चोर, डोंगरावर नाचणी पेरली तर अतिक्रमणदार. पोरं हेच ऐकत मोठी होतात. नाग्यानं जंगलावर हक्क सांगितला, तो हुतात्मा झाला. आपण तोच हक्क सांगतो, तर आपल्यावर केस होते. हा सवाल उभा करायला आपल्याला ती जागा पाहिजे.

पण नुसती फरशी आणि उद्घाटनाची पाटी नको. आमचं म्हणणं असं:

एक. 1878 आणि 1927 चे जंगल कायदे सोप्या मराठीत भिंतीवर लावा. आज्या-पणज्याचं रान राखीव कसं झालं, ते पोरांना कळू दे.

दोन. फोटो-पुतळ्यांबरोबर आपला कोयता, कात पाडायची भांडी, दळीचे जुने कागद ठेवा. इंग्रजांच्या राज्यातच फॉरेस्टनं आपल्याला नाचणी-वरी पिकवायला दळी दिल्या होत्या. मग आपण आज घुसलो कसे?

तीन. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या. माणूस गेला की गोष्ट गेली.

चार. स्मारक वाढवायला कुणाची कसती जमीन, कुणाची वाट घेऊ नका. नाग्याच्या नावानं कातकरी उठला, असं होता कामा नये.

हुतात्मा दिनाला पोलीस हवेत गोळ्या झाडून मानवंदना देतात. पुढारी भाषणं करतात. त्यांना एकच विचारायचं. 31 मार्च 1978 पर्यंतची वनजमिनीवरची शेती नियमित करायचा ठराव सरकारनंच काढला. नंतर 1980 चा वन संवर्धन कायदा आडवा आला आणि आपले अर्ज दप्तरात पडून राहिले. त्यांचं काय? नाग्याचं नाव दगडावर कोरलं, ते चांगलं झालं. आता त्याच्या भाऊबंदांचं नाव सातबाऱ्यावर येऊ द्या.

या 25 सप्टेंबरला दर वाडीतून चार माणसं तरी चिरनेरला या. बाया जरूर या. येताना अर्जाची नक्कल आणि फॉरेस्टनं फाडलेल्या दंडाच्या पावत्या आणा. पावत्या चुलीत घालू नका. दंड भरला म्हणजे त्या साली आपण तिथं पेरत होतो, याचा तोच पुरावा. एक नक्कल संग्रहालयाला देऊ, एक तहसीलदाराला.