आमचं सोवळं, गोवंडीचा धूर

टॉन्सिल काढायला पोलादी गॅग, चिमटे, डिसेक्टर, स्नेअर अशी मोजकी हत्यारं पुरतात. ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करून ती वर्षानुवर्षं वापरता येतात. तरी आज मोठ्या खासगी रुग्णालयात एका लेकराच्या घशापायी फेकायचे गाऊन, फेकायच्या चादरी, नळ्या, टॉन्सिल काढायची, एकदाच वापरायची कोब्लेशनची कांडी असा ढीग साचतो. पाकीट फोडलं म्हणून हात न लावताच टाकलेलं सामान वेगळंच. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘पेशंटलाच नवं कोरं लागतं.’

नवं कोरं म्हणजे सुरक्षित, हे कुणी ठरवलं? जानेवारी 2001 मध्ये व्हेरियंट सीजेडी या मेंदूच्या रोगाच्या भीतीने ब्रिटिश सरकारने टॉन्सिलसाठी एकदाच वापरायची हत्यारं सक्तीची केली. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव वाढल्याचं दिसलं आणि त्याच डिसेंबरात इंग्लंडला पुन्हा वापरता येणाऱ्या हत्यारांकडे परतावं लागलं. आपल्याच देशात, बरंच सामान निर्जंतुक करून पुन्हा वापरणारं मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेत सुमारे 6 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन करतं. ब्रिटनमध्ये तोच आकडा 130 किलोच्या घरात गेला होता. म्हणून मदुराईत जंतुसंसर्ग जास्त होतो असं नाही. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला जे चालतं, ते कानाला आणि घशाला का चालू नये?

जे दिसत नाही त्याचं तर आपल्याला काहीच वाटत नाही. भुलीचा डेस्फ्लुरेन वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट भारी. स्कॉटलंडने 2023 मध्ये त्याचा नेहमीचा वापर बंद केला. आपल्या शस्त्रक्रियागृहांत हा प्रश्न विचारला तरी जातो का?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक होऊन पुनर्वापराला जातं, पिवळीतलं बहुतेक भट्टीत जळतं. वेगळं करण्याचा कंटाळा केला की लाल पिशवीत जायला हवं तेही जळतं. मुंबईची ही भट्टी 2009 पासून गोवंडीत धडधडत राहिली. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराने आधीच गांजलेली ती वस्ती. तिथल्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं. 2023 मध्ये न्यायालयाने ती भट्टी दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवायला सांगितलं. निकाल गोवंडीच्या बाजूने लागला, पण कचरा निर्माण करणाऱ्या आपल्यात काय बदललं? धुराचा पत्ता तेवढा बदलायचा.

हे आपलं जुनं सोवळं आहे. आपलं अंगण स्वच्छ, घाण गावकुसाबाहेर आणि ती उचलणारे हात कुणा दुसऱ्याचे. पूर्वी धर्मशास्त्राचा आधार घेतला, आता निर्जंतुकतेचा घेतो. आपल्या मुलाचं नाक मोकळं व्हावं म्हणून जे वापरतो, त्याचा धूर दुसऱ्याच्या मुलाच्या नाकात जातो, हे ठाऊक असूनही गप्प बसणारा सुशिक्षित माणूस निष्पाप नाही. डॉक्टर नाही, रुग्णालयाचे मालक नाहीत, बिल भरणारे आपणही नाही.

किती कचरा निघाला याचा वार्षिक अहवाल प्रत्येक रुग्णालयाने संकेतस्थळावर टाकावा, असं जैववैद्यकीय कचऱ्याचे हेच नियम सांगतात. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तो मागा. नसेल तर का नाही, हे लेखी विचारा. आणि धुऊन निर्जंतुक केलेल्या कापडी चादरीवर आपलं मूल निजवायला तयार आहोत, असं डॉक्टरांना आपण होऊन सांगा.