कानातले, पण दागिना नव्हे

केज तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने या खेपेला मोठा नेमका प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी रोज एसटीने अंबाजोगाईला कॉलेजला जाते. जाता-येता कानात हेडफोन, घरी आली तरी तेच. हाका मारमारून आई दमते. त्या लिहितात, "हे कानातले काढून घेऊ, की चांगल्यातले घेऊन देऊ? आणि खरे सांगू का, दुपारी सगळे पांगले की दोन गाणी निवांत ऐकावीत असे मलाही वाटते. पण शेजारी घरघंटी, खिडकीत कूलर. आवाज वाढवला तर डोके दुखते, कमी केला तर काही ऐकू येत नाही."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. काढून घेऊ नका. काढून घेतलेली वस्तू मैत्रिणीकडून उसनी येतेच, आणि दुसऱ्याचे कानातले आपल्या कानात घालणे त्याहून वाईट. मुलगी आवाज एवढा मोठा का करते, ते आधी पाहू या. हौस म्हणून कुणी कान फोडून घेत नाही. बाहेरचा गोंगाट झाकायचा म्हणून ती आवाज वाढवते. म्हणजे मूळ दुखणे गाण्याचे नाही, गोंगाटाचे आहे.

आता थोडा हिशेब. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. समजा, एसटीत खिडकीपाशी ८० डेसिबलचा खडखडाट आहे. त्यावर गाणे नीट ऐकू यायचे तर ते ८८-८९ पर्यंत चढवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जे प्रमाण ठरवले, त्यात मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल असे धरले आहे. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ ची आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ८९ ला अवघे ५ तास. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे झाले ९ तास. घरातले ऐकणे अजून धरलेलेच नाही!

अहो, पण कान दुखत तर नाही, असे मुली म्हणतात. तीच तर गोम आहे. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाज टिपतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि त्या दुखून मरत नाहीत, गुपचूप जातात. विशीत केलेली उधळपट्टी पन्नाशीत कळते.

यावर उपाय म्हणजे गोंगाटच कानाबाहेर अडवायचा. त्यासाठी कानातल्यांचे दोन प्रकार ओळखायला शिका. एक, नुसते कानाच्या पाळीत टेकणारे, कडक गोल. त्यांच्या कडेने सगळा आवाज आत येतो. दुसरे, टोकाला मऊ रबरी टोपी असलेले. ही टोपी कानाच्या छिद्रात बाटलीच्या बुचासारखी बसते. बूच नीट बसले तर बाहेरचा आवाज सहज १५-२० डेसिबलने उतरतो. म्हणजे एसटीचा ८० चा गोंगाट कानात ६०-६५ होऊन पोहोचतो, आणि गाणे ७०-७५ वर ठेवले तरी स्वच्छ ऐकू येते. हा आवाज ४० तासांच्या हिशेबात बसतो.

यात फायदा कानांचाच नाही, गाण्याचाही आहे. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात समोर बसून ज्यांनी शास्त्रीय गाणे ऐकले असेल, त्यांना तानपुऱ्याचा तो मागचा झंकार ठाऊक असेल. गोंगाटात सगळ्यात आधी तो हरवतो. आवाज कितीही वाढवा, गाणारा ओरडल्यासारखा वाटतो आणि तानपुरा काही सापडत नाही. गोंगाट अडवला की तोच तानपुरा लहान आवाजातही ऐकू येतो.

पण सारी मदार टोपीवर, बरे का. चांगल्या डब्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या जोड्या येतात. पुष्कळ जणी बसवलेली जोडीच वापरतात आणि बाकीच्या केराच्या टोपलीत जातात. तसे करू नका. बांगडीचे माप घेतो तसे कानाचेही घ्या. डाव्या-उजव्या कानाला वेगळे मापही लागू शकते. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढा, मग टोपी आत सरकवा. गाणे न लावता बोलून पाहा. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर बूच बसले. गाणे लावल्यावर तबल्याचा डग्गा पातळ वाटला तर कुठेतरी फट आहे असे समजा आणि माप बदला. काही टोप्या फोमच्या असतात. त्या बोटांनी दाबून घालायच्या, आत गेल्यावर फुगतात. आवाज छान अडवतात, पण घामाने आणि मळाने लवकर खराब होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरी टोपीच बरी. ती धुता येते.

आता दुकानातली गंमत. डब्यावर दोन शब्द दिसतील, एएनसी आणि ईएनसी. एका अक्षराचा फरक, पण काम निराळे. एएनसी म्हणजे यंत्र बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडते आणि गोंगाट कमी करते. कूलरची, इंजिनाची एकसुरी घरघर याने चांगली दबते. भांड्यांची आदळआपट किंवा माणसांची बोलणी तितकी नाहीत. ईएनसी मात्र फोनवर बोलताना पलीकडच्याला आपला आवाज स्वच्छ जावा म्हणून असते. तुमच्या कानातला गोंगाट त्याने कमी होत नाही. दुकानदार दोन्ही शब्द एकाच दमात सांगतो, तेव्हा डबा हातात घेऊन स्वतः वाचा. बिनतारी घेत असाल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांकही पाहा. तो इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होतो.

तारेचे घ्यावे की बिनतारी? बेत पाचशेच्या आतबाहेर असेल तर माझे मत तारेचे, नीट टोपीचे घ्यावे. त्याला चार्ज करावे लागत नाही, एक बाजू हरवत नाही, आणि ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ असतो त्यात बहुधा ही तारच एरियलचे काम करते, म्हणजे आकाशवाणी बीड ऐकायचीही सोय. फोनला गोल भोक आहे की नाही, तेवढे आधी पाहा. तार कपड्याला घासून खरखर येते. ती कानावरून मागे घेतली की थांबते.

आता सांगते ते मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडू नका. आवाज अडवणारे कानातले हॉर्नही अडवते. धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडताना, स्टँडवर बस मागे येत असताना, स्कुटीवर, शेतात मळणी यंत्राजवळ ते कानात नको म्हणजे नकोच. मळणी यंत्रापाशी लोंबती तार म्हणजे पदराइतकाच धोका. एसटीत सीटवर बसले की घालायचे, उठायच्या आधी काढायचे, हा नियम लेकीला सांगा. घरी गॅसवर कुकर असेल किंवा पाळण्यात लेकरू असेल, तर एकच कान भरा.

टोप्या आठवड्याला काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पुरत्या वाळवूनच बसवा. कान वाहत असेल, ठणकत असेल तर काही घालू नका. तेल घातलेल्या कानातही नको. गाणे बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा माणसांचे बोलणे पुसट वाटू लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे दाखवा.

तेव्हा केजच्या ताई, लेकीला टोपीचे घेऊन द्या, दुकानातच माप बसवून पाहा, आणि फोनवरची आवाजाची पट्टी साठ टक्क्यांपुढे न्यायची नाही असे दोघी मिळून ठरवा. रागावून नव्हे, वरचा हिशेब तिला दाखवून. कॉलेजातली मुलगी आहे, आकडे तिला तुमच्या-माझ्याआधी कळतील.

आणि एक जोडी स्वतःसाठीही घ्या. लेकीची उसनी नको. दुपारचा अर्धा तास तुमचा आहे, घरघंटीचा नाही.