आई-बाबांचं ग्रीन कार्ड १ जूनला येऊन का अडतं?

तुमच्या घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांचे वाढदिवस जरा आठवून बघा. १ जून किती जणांचा निघतो? शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख कुणालाच सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. याच तारखेवर नोकरी लागली, पेन्शन सुरू झाली, आधार आणि पासपोर्टही निघाला. कुठेच काही अडलं नाही.

अडतं ते पोरगा अमेरिकेचा नागरिक होऊन "बाबा, तुमचं ग्रीन कार्डचं करून टाकू" म्हणतो तेव्हा.

आधी नियम बघू. आई-वडिलांसाठी अर्ज करणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक असावे लागतात, वय किमान २१. नुसतं ग्रीन कार्ड असून भागत नाही. आई-वडिलांच्या व्हिसांवर वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांसारखी रांग लागत नाही. भावंडांची रांग म्हणजे काय, तर २०२५ मध्ये भारतीय भावंडांचे २००६ सालचे अर्ज हातात घेतले जात होते. थोडक्यात, आई-वडिलांच्या फाइलला होणारा बराचसा उशीर आपल्याच कागदांमुळे होतो.

पहिला फॉर्म आय-१३०. फी कागदी अर्जाला ६७५ डॉलर, ऑनलाइनला ६२५ (एप्रिल २०२४ पासूनचे दर). आई आणि वडिलांचे अर्ज वेगवेगळे, फीसुद्धा दोनदा. या टप्प्यावर जन्मदाखला लागतो तो मुलाचा, कारण नातं सिद्ध करायचं असतं. आईच्या अर्जाला तेवढा पुरतो. वडिलांच्या अर्जाला आई-वडिलांच्या लग्नाचा दाखलाही जोडावा लागतो.

इथे मराठी घरांची खास अडचण सुरू होते. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे पद्धत. मुलाच्या जन्मनोंदीत आई 'कमल' आणि पासपोर्टवर 'सुनीता' असेल, तर या दोघी एकच आहेत हे तिकडच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. अशा वेळी राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, जे असेल ते सगळं जोडायचं. फॉर्ममध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आणि तिथे आई-वडिलांचा स्वतःचा जन्मदाखला मागतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, बहुतेक राज्यांत लागू झाला १९७० ला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद असेलच असं नाही. ती नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून 'नोंद आढळत नाही' असा अनुपलब्धता दाखला घ्यायचा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. हा रस्ता अमेरिकेला मान्य आहे.

पण गावाकडे कुणीतरी सल्ला देतोच, "कशाला एवढं, नवीन जन्मदाखलाच काढून घेऊ." थांबा. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने अशा उशिराच्या नोंदींना स्थगिती दिली, मालेगाव प्रकरणात चौकशी लावली आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. नायब तहसीलदारांच्या आदेशावर निघालेले दाखले रद्द करायच्या सूचनाही गेल्या. म्हणजे आज घाईने काढलेला दाखला उद्या रद्द होऊ शकतो. तो टिकला तरी सत्तर वर्षांनी झालेली नोंद बघून अमेरिकन अधिकारी जुने पुरावे मागणारच. त्यापेक्षा शाळेचा पिवळा पडलेला दाखला जास्त कामाचा.

मग १ जूनचं काय? ती तारीख सगळीकडे एकच असेल तर काळजीचं कारण नाही. घोळ होतो ते ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीत खरी नोंद सापडल्यावर. वही म्हणते १७ नोव्हेंबर, पासपोर्ट म्हणतो १ जून. सापडलेली नोंद लपवून 'आढळत नाही' असा दाखला घेण्याच्या फंदात पडू नका, खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा व्हिसा बंद करू शकतो. पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, आणि तेसुद्धा अर्ज भरायच्या आधी.

बाकी कागद त्यामानाने सोपे. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर 'भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात' असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलीस दाखला शेवटी काढा, त्याला मुदत असते. मूळ कागद मुलाखतीला सोबत न्यायचे.

पैशाचा कागद मात्र नीट वाचून घ्या. आय-८६४ वर सही करणारा आई-वडिलांच्या निर्वाहाची कायदेशीर हमी घेतो. उत्पन्न गरिबीरेषेच्या किमान १२५ टक्के हवं, आणि कुटुंबात आई-वडील धरून माणसं मोजायची. कमी पडलं तर अमेरिकेतला मित्रही हमी देऊ शकतो, पण ती साक्षीदाराची सही नव्हे. आई-वडील नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या त्यांच्या खात्यावर जमा होईपर्यंत ती जबाबदारी साधारणपणे सुटत नाही. सत्तरीतले बाबा तिकडे दहा वर्षं काम करणार आहेत का, याचा हिशेब मित्राला आधीच सांगा.

आणि फी भरण्याआधी आई-बाबांना एक गोष्ट विचारा, तिकडे राहायचं आहे का? ग्रीन कार्ड कायमच्या वास्तव्यासाठी असतं. सलग वर्षभर अमेरिकेबाहेर राहिलात आणि पुनःप्रवेशाचा परवाना नसेल, तर कार्ड धोक्यात येतं. त्याहून कमी काळाच्या पण वारंवारच्या मुक्कामावरही विमानतळावर प्रश्न विचारतात. नातवाला भेटून गणपतीला परत यायचं एवढाच बेत असेल, तर त्यासाठी पर्यटक व्हिसा आहे.