मेरीमातेची साडी

परवा एका परिचितांना आन्जेलो द फोन्सेका यांचं चित्र दाखवलं. साडी नेसलेली मेरी, जवळ बाळ येशू. ते म्हणाले, "गुरुजी, मेरी कुठली साडी नेसायला? हे चित्रकार असेच, काहीतरी तऱ्हेवाईक करून लक्ष वेधून घेतात." चहा समोर होता म्हणून तिथे वाद घातला नाही. इथे घालतो.

मेरी साडी नेसत नव्हती, कबूल. मग इटलीतले झगे तरी कुठे घालत होती? राफाएलने १५०४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मेरीच्या विवाहाचं चित्र रंगवलं. आज ते मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. लग्न जेरुसलेममधलं, पण मागचं देऊळ कमानींचं, घुमटाचं, अस्सल इटालियन. वऱ्हाडीही तिकडचेच. नकार मिळालेला एक उमेदवार रागाने गुडघ्यावर काठी मोडतोय, तो तर तिथल्याच गल्लीतला पोरगा वाटतो! याला आपण अभिजात कला म्हणायचं, आणि गोव्याच्या माणसाने तेच केलं की सोंग?

फोन्सेका १९०२ साली गोव्यातल्या सांतु इस्तेव बेटावर जन्मले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले. गावी परतून त्यांनी मेरीला आपल्याकडच्या बाईसारखं रंगवलं. पोर्तुगीज अमदानीतल्या तिथल्या धर्ममंडळींना ते रुचलं नाही. शेवटी गोवा सोडून ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात काम करू लागले, आणि १९६७ साली जाईपर्यंत त्याच वाटेने रंगवत राहिले. लक्ष वेधायचंच असतं तर माणूस चार दिवसांत दुसरं काही करतो. घरच्यांची नाराजी पत्करून जन्मभर एकच गोष्ट करणाऱ्याला तऱ्हेवाईक कसं म्हणायचं? कलावंत म्हणजे विक्षिप्तच, हे आपण कुठून उचललं कोण जाणे. राफाएलच्या सौम्य, मनमिळाऊ स्वभावाचं तर वसारीने तोंडभरून कौतुक केलं आहे.

गंमत अशी, की हल्ली आपल्याकडचेही काहीजण या साडीवर संशय घेतात. म्हणे हा भुलवण्याचा डाव. म्हणजे तेव्हा त्यांना ती फार हिंदू वाटली, आता यांना फार ख्रिस्ती वाटते!

निदान आम्हा तुळजापूरकरांना तरी हे कळायला जड जाऊ नये. आमची भवानीआई महिषासुरमर्दिनी, अष्टभुजा. नवरात्रात तिचीच मुरली अलंकार पूजा मांडतात, शेषशायी अलंकार पूजा मांडतात. मुरली कृष्णाची, शेष विष्णूचा. आईच्या हाती ही कशी, असं दर्शनाच्या रांगेत कुणी विचारल्याचं मी सत्तर वर्षांत ऐकलं नाही. लोक हात जोडतात नि म्हणतात, आज आई काय सुंदर दिसते!

असो. फोन्सेकांच्या पत्नीने ती चित्रं जपली आणि पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या भाचरांनो, समुद्रावरची एक दुपार कमी करा. निघण्यापूर्वी चित्रं बघायला मिळतील का ते मात्र विचारून घ्या.