विश्लेषण : कथा-कविता लिहिण्यासाठी एम.ए. करावे का? मुखेडच्या मुलांसाठी वाट कोणती?

मुखेडमध्ये बी.ए. झालेली, कथांनी वही भरलेली एखादी मुलगी घरी सांगते, ‘मला लेखनातच एम.ए. करायचंय.’ घरचे विचारतात, ‘लिहायला डिग्री कशाला? अन् नोकरी कुठं लागंल?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

ही पदवी नेमकी काय?

साहित्याच्या एम.ए.मध्ये मुख्यतः इतरांचे लेखन वाचून त्यावर लिहायचे असते. सर्जनशील लेखनाच्या पदवीत स्वतःची कथा वर्गापुढे ठेवायची, तिच्यातले कच्चे दुवे ऐकायचे आणि ती पुन्हा लिहायची. इंजिनिअरिंगच्या भाषेत, एकात थिअरीवर भर, दुसऱ्यात प्रॅक्टिकलवर. अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात अशी कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये एम.ए. आणले.

आपल्याकडे काय आहे?

दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात असे एम.ए. सुरू झाले. इग्नूमध्ये इंग्रजी सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखन शिकवले जाते. पण देशातल्या अशा अभ्यासक्रमांचा कल इंग्रजीकडे आहे आणि या मुलीची वही मराठीत आहे.

पदवीशिवाय लेखक होत नाही का?

होतो. नागनाथ कोत्तापल्ले मुखेडचेच. जन्म १९४८. कथा, कादंबरी, कविता, समीक्षा लिहिणारे कोत्तापल्ले मराठीचे प्राध्यापक होते. पुढे औरंगाबादच्या विद्यापीठाचे कुलगुरू आणि २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लेखनाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मात्र विद्यापीठाचे वातावरण, ग्रंथालय आणि साहित्य जाणणारी माणसे सोबत होती. तालुक्याच्या गावात नेमके हेच मिळत नाही. कविसंमेलनात वाहवा मिळते. ‘शेवटची दोन पानं काढून टाक’ असे सांगणारा भेटत नाही. या पदवीचा खरा उपयोग हाच आहे.

मग करायचे काय?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग आले. मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाऐवजी कथासंग्रह किंवा कादंबरीचा मसुदा सादर करू द्यावा. ट्रेनिंग वृत्तपत्रात, प्रकाशनसंस्थेत घेऊ द्यावे. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. मसुदा नीट वाचणारे शिक्षक लागतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा लाभ जुन्या ग्रंथांपुरता राहू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे?

वर्गात लेखन कोणत्या भाषेत? शिकवणाऱ्यांची स्वतःची पुस्तके आहेत का? दोन वर्षांत मसुदा किती वेळा तपासला जाईल? आणि प्राध्यापक व्हायचे असेल, तर मराठीच्या नेट-सेटसाठी ही पदवी चालेल का? उत्तरे लेखी घ्या, मगच फी भरा.

लेखनाची ओढ कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. पण ओढ असलेल्या मुलीला एक कठोर वाचक मिळवून देणे नांदेडच्या विद्यापीठाला जमण्यासारखे आहे. ते त्याने करावे.