रक्ताची पत्रिका आणि समाजाचे शहाणपण

सिकलसेल ॲनिमिया निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि मेळघाटातील असंख्य कुटुंबांनी या आजाराच्या वेदना पिढ्यान्‌पिढ्या सोसल्या असल्याने तपासणीची निकड वादातीत आहे. परंतु तपासणीचे आकडे वाढणे आणि आनुवंशिकतेचा अर्थ लोकांना उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी राहून गेली, तर पहिली उपायाऐवजी अपायाचेही कारण ठरू शकते.

हा अर्थ फारसा अवघड नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्या पेशींत असतात. एक मातेकडून आलेली, दुसरी पित्याकडून. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना या दोहोंपैकी एकच प्रत त्यात उतरते आणि ती कोणती, हे केवळ योगायोगाने ठरते. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बदल झाला की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहावे अमिनो आम्ल बदलते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. मात्र त्यासाठी दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती ‘वाहक’ असते, रुग्ण नव्हे. ती एरवी निरोगी आयुष्य जगते. किंबहुना वाहकांना गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. त्याला कुळाचा कलंक म्हणणे हे अज्ञानच होय.

दोन वाहकांच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, ते वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. हे गणित प्रत्येक गर्भधारणेत नव्याने मांडले जाते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ हा समज म्हणूनच घातक आहे. तितकाच घातक आणि अधिक अन्यायकारक समज म्हणजे आजाराचा दोष सुनेच्या माथी मारणे. आजारी बालकाला एक सदोष प्रत पित्याकडूनही मिळालेली असते, ही साधी गोष्ट अनेक स्त्रियांचा छळ टाळू शकेल.

अर्धवट ज्ञानाचे परिणाम काय होतात, याचा दाखला ग्रीसमधील ओर्कोमेनोस या गावाने दिला आहे. १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथे सर्वांची तपासणी झाल्यावर वाहकांकडे लग्नाच्या बाबतीत कमीपणाने पाहिले जाऊ लागले. परिणामी अनेकांनी आपला निष्कर्ष लपविला आणि वाहकांचे आपसांतील विवाह थांबलेच नाहीत. याउलट सायप्रसमध्ये थॅलेसेमियाच्या तपासणीला शिक्षण, समुपदेशन आणि गर्भावस्थेतील निदानाची जोड मिळाली. १९८३पासून तेथील चर्च विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागते. बहुतेक वाहक जोडप्यांनी ठरलेली लग्ने मोडली नाहीत आणि तरीही आजारी बालकांचे जन्म जवळपास थांबले.

हा प्रश्न केवळ जंगलपट्ट्याचा मानून शहरांनीही निश्चिंत राहू नये. विदर्भातील शहरांत सिकलसेलचे वाहक आहेत, तर मुंबई-उल्हासनगर परिसरातील सिंधी आणि इतर काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक लक्षणीय आहेत. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्यास अपत्याला गंभीर आजार संभवतो. प्राथमिक सिकलसेल चाचणीत थॅलेसेमिया दिसत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी दोघांचीही होणे अगत्याचे आहे.

‘निर्मूलन’ या शब्दाची मर्यादाही ओळखली पाहिजे. हे जनुक देवीच्या विषाणूसारखे पृथ्वीवरून हद्दपार होणार नाही. वाहकांच्या पोटी वाहक जन्मत राहतील. साध्य आहे ते एवढेच, की जोडप्यांना वेळेवर माहिती मिळावी, गर्भनिदानाची सोय जिल्हा पातळीवर असावी आणि अंतिम निर्णय त्या स्त्रीचा असावा. जे आज या आजारासह जगत आहेत त्यांना हायड्रॉक्सीयुरिया, लसी आणि रक्त विनासायास मिळाले पाहिजे. २०१६च्या कायद्याने त्यांना दिव्यांगांचे हक्क दिले आहेत. ते कागदावर राहू नयेत.

मोहिमेचे यश वाटलेल्या ओळखपत्रांवर मोजणे सोपे आहे. पण प्रत्येक ओळखपत्रासोबत त्या व्यक्तीच्या बोलीभाषेत समजावून सांगणारा समुपदेशक नसेल, तर ही रक्ताची पत्रिका मंगळाच्या पत्रिकेइतकीच क्रूर ठरेल आणि तिची पहिली झळ मुलींना बसेल.