पेटीतला इतिहास वाशिष्ठीला वाहायचा का?

चिपळूणच्या इतिहासात मुसलमान दिसत नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तक्रार खोटी नाही. परशुराम आहे, गोविंदगड आहे. गोवळकोटच्या धक्क्याला लागणाऱ्या गलबतांवरचा खलाशी मात्र नाही. पण लिहिणाऱ्याला दोष देण्याआधी आम्ही विचारतो, आपला पुरावा कुठे आहे?

पुरावा पत्र्याच्या पेटीत आहे. मुंबई बंदरात गळ्यात हार घालून उभे असलेले हाजी (हजला जहाज १९९५ पर्यंत जात होते), बोटीवरच्या नोकरीतले आजोबा, उर्दू शाळेतली मुले, कात्रणे चिकटवलेली वही. आणि पेटी तळमजल्यावर! २६ जुलै २००५ ला वाशिष्ठीने शहर बुडवले, २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडवले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही पुराने सोडले नाही. मग आपल्या पेटीला सोडेल?

काही बुजुर्ग म्हणतात, तसबीर मुळात नापसंत, जपायची कशाला? पासपोर्टला तीच चालते, हजच्या अर्जालाही चालते. मग वाडवडिलांची ओळख राखायलाच तिचे वावडे का?

उरलेले नुकसान पुराचे नाही, आळसाचे आहे. नाव नसलेला फोटो बेवारस असतो. मागे नाव लिहिले असेल तर फक्त उर्दूत. मराठी-इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवाला ते वाचता येत नाही. आम्ही उर्दू शिक्षक म्हणूनच सांगतो, मऊ पेन्सिलीने दोन्ही लिप्यांत लिहा : कोण, कुठे, कोणते साल. चिकटपट्टी लावू नका. ओले फोटो एकमेकांना चिकटले तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात सोडवा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. स्कॅन करून एक प्रत मुंबईच्या नातेवाइकाकडे, एक शाळेत, एक वाचनालयात द्या. मूळ फोटो माळ्यावर ठेवा.

शासन येईल, संशोधक येईल, ही वाट पाहणे पुरे. तो आलाच तर त्याच्या हातात काय देणार? ईदला मुंबईहून, आखातातून माणसे घरी येतात. शिरखुर्म्याबरोबर ती पेटीही बाहेर काढा आणि दादीला एकेका चेहऱ्याचे नाव विचारा. फोटो पुन्हा छापता येतो. दादी गेली की नावे गेली.